आधी माल, मग पाटी

मागे टक टक आवाज चालूय ते आधीच सांगून टाकतो, मधेच माझी लिंक तुटली तर समजून घ्या. घरातल्या जुन्या आरओ फिल्टरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, म्हणजे विजेनं उघडझाप करणारी झडप, दर दोन सेकंदाला एकदा उघडतो, बंद होतो, आणि आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर बोर्ड ते मोजतोय. आईच्या मते पोरगं कामातून गेलं, आप्पांना लाइटबिलाची काळजी, आणि माझ्या मते ही माझ्या कंपनीची पहिली टेस्ट आहे. कंपनी अजून नाहीये. पण टेस्ट चालू झाली.

मी चोपडा तालुक्यातला, घरी केळी, जळगावला मेकॅनिकलला आहे, आता फायनल इयरला जाईन. अंतराळातल्या यानांची इंजिनं बनवायची कंपनी काढायचीय असं मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ते चुलतभावाच्या साखरपुड्यात, आणि पंगतीत बसलेल्या एका काकांनी वरण-बट्टीचा घास हातात तसाच धरून विचारलं, म्हणजे इस्रोत लागणार का तू? नाही म्हटलं, स्वतःची. मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि नंतर आप्पांना बाजूला घेऊन म्हणाले की पोराला एमपीएससीचा क्लास लावा.

सुरुवात कुठून झाली तर २३ ऑगस्ट २०२३. चांद्रयान-३ उतरलं त्या संध्याकाळी हॉस्टेलच्या मेसमधे टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. उतरल्यावर सगळे नाचत होते आणि मी त्या आलेखावरच अडकलो होतो ज्यात वेग हळूहळू कमी होत जाताना दिसत होता. म्हणजे कोणीतरी इंजिनाचा जोर खाली वर करत होतं, नळाची तोटी फिरवावी तसं, आणि ते कोणीतरी म्हणजे माणूस नाही, यानातलाच कॉम्प्युटर. लँडरला ८०० न्यूटनची चार इंजिनं होती. ८०० न्यूटन म्हणजे पृथ्वीवर ८० किलोचं वजन तोलेल इतका जोर, आमच्याकडच्या केळीचे चार चांगले घड. मला वाटलं होतं चंद्रावर उतरणाऱ्या इंजिनाचा आकडा ऐकूनच घाम फुटेल. चार घड! एवढ्याशासाठी एवढं सगळं, आणि एवढंसं असूनच एवढं अवघड.

मग मी मंगळयानाचं वाचलं. ते गेलं ५ नोव्हेंबर २०१३ ला, मी तेव्हा मराठी शाळेत होतो, गोष्ट फक्त फळ्यावरच्या चित्रापुरती माहीत. त्याचं मोठं इंजिन ४४० न्यूटनचं. पृथ्वीजवळून निघाल्यावर ते जवळजवळ ३०० दिवस झोपून होतं, आणि २२ सप्टेंबर २०१४ ला फक्त चार सेकंद चालवून बघितलं की उठतंय का. उठलं, आणि दोन दिवसांनी यान मंगळाच्या कक्षेत गेलं. आता ज्याच्या घरी विहिरीवर मोटर आहे त्याला मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने मोटर बंद राहिली की दिवाळीनंतर पहिल्या बटणाला ती कधीच उठत नाही, फूटव्हॉल्व्ह अडकलेला असतो, नाहीतर सील वाळलेलं, नाहीतर उंदरानं वायर खाल्लेली, आणि आप्पा पाण्याची बादली आणि शिव्या घेऊन विहिरीवर. इथं ३०० दिवस, मधे पाना घेऊन जायची सोय नाही, आणि चार सेकंदात कळणार की मिशन आहे की गेलं.

तर तेव्हा डोक्यात बसलं ते बसलं.

आमच्या बॅचमधे स्पेसचं वेड असणारे अजून चार-पाच जण आहेत पण त्यांना रॉकेट पाहिजे, धूर पाहिजे, रील पाहिजे. एकानं साखर आणि अजून कसलं मिश्रण करून रॉकेट उडवायचा ग्रुपच काढला होता, मी त्यातून दुसऱ्या दिवशी बाहेर पडलो, कारण एक तर असल्या गोष्टींना आपल्याकडे १८८४ चा स्फोटकांचा कायदा आहे आणि परवाना नसताना नसते उद्योग नकोत, आणि दुसरं म्हणजे मला वर जाण्यात इंटरेस्ट नाहीये. वर न्यायला लोक आहेत. हैदराबादच्या स्कायरूटनं १८ नोव्हेंबर २०२२ ला विक्रम-एस उडवलं, चेन्नईच्या अग्निकुलनं ३० मे २०२४ ला अख्खं एका तुकड्यात थ्रीडी प्रिंट केलेलं इंजिन उडवून दाखवलं. मला पाहिजे ते त्याच्यानंतरचं. उपग्रह वर सोडल्यावर त्याला स्वतःला हलावं लागतं, थोडं पुढं थोडं मागं, कचरा येत असेल तर बाजूला, हवेचा थोडाफार अडथळा असतोच त्यानं खाली घसरला की परत वर, आणि आयुष्य संपलं की खाली येऊन जळून जायचं. हे काम करणारं छोटं इंजिन, थ्रस्टर म्हणतात त्याला. लहान उपग्रहांची गर्दी वाढत चाललीय तसं थ्रस्टर हे ट्रकच्या टायरसारखं होणार, प्रत्येकाला लागणार.

आणि यात गणित फार मजेशीर आहे. अंतराळात रस्ता नाही, पाणी नाही, हवा नाही, कशाला रेटून पुढं जाणार? मग स्वतःजवळचंच काहीतरी मागे फेकायचं आणि पुढं सरकायचं. जे फेकतोय ते जितक्या वेगानं फेकू तितकं ते कमी लागतं. हे सूत्र त्सिओल्कोव्हस्की नावाच्या रशियन शाळामास्तरनं १९०३ मधे छापलं, लहानपणी तापानं ऐकू येणं जवळपास गेलेला माणूस, गावाकडच्या शाळेत शिकवायचा. मी वहीत करून बघितलं. १०० किलोचा उपग्रह आहे आणि त्याचा वेग सेकंदाला १०० मीटरनं बदलायचाय. नुसता दाबून भरलेला नायट्रोजन सोडला तर साधारण साडेतेरा किलो गॅस लागतो. हायड्राझिन नावाचं इंधन वापरलं, जे आजवर कित्येक यानांत वापरलंय आणि जाम विषारी असतं, तर साडेचार किलो. आणि झेनॉन वायूला विजेनं भारून फेकणारा हॉल थ्रस्टर वापरला तर पाऊण किलोसुद्धा नाही. वर प्रत्येक किलो न्यायला पैसे मोजावे लागतात त्यामुळे या तीन आकड्यांमधेच अख्खा धंदा बसलाय.

पण मग सगळे विजेवालेच का वापरत नाहीत तर त्यांचा जोर अगदीच नाजूक असतो. नासाचं डॉन यान २००७ मधे निघालं, २०११ ला वेस्टा या लघुग्रहाला पोचलं आणि २०१५ ला सेरेस या बटुग्रहाला, त्याच्या आयन इंजिनाचा, म्हणजे अशाच विजेवाल्याचा, जास्तीत जास्त जोर साधारण ९० मिलिन्यूटन. जळगावच्या भाषेत सांगायचं तर पुरतं एक तोळाही नाही, सराफाच्या काट्यावर नऊ ग्रॅमच्या आसपास भरेल. पण ते एक तोळ्याच्या आतलं बोट सगळं मिळून पाच वर्षांहून जास्त काळ यानाला ढकलत राहिलं. शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल यातला फरक आहे हा.

आपल्याकडे जीसॅट-९ या उपग्रहावर, म्हणजे मे २०१७ मधे, इस्रोनं झेनॉनवालं इंजिन नेलं. खाजगीत बंगळुरूच्या बेलाट्रिक्सनं त्यांच्या हॉल थ्रस्टरचा एक महत्त्वाचा भाग आणि एक कमी विषारी इंधनाचा थ्रस्टर असे दोन्ही जानेवारी २०२४ मधे इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यावर बसवून अंतराळात चालवले. तो चौथा टप्पा काम झालं की कचराच असतो, त्यावरच प्रयोगाचं बस्तान मांडायचं, पोएम म्हणतात त्याला, फार आवडली मला ही आयडिया, एकदम आपल्याकडच्या माणसानं केल्यासारखी. मुंबईत आयआयटीवाल्यांची मनस्तु आहे, ते हायड्रोजन पेरॉक्साइडवर काम करतात. म्हणजे मैदान रिकामं नाहीये. हे सगळं मी आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले मग तू त्यांच्याकडेच नोकरी कर ना. बरोबर आहे त्यांचं पण, यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं.

उत्तर सापडलं ते अमळनेरला मामाच्या दुकानात, आणि त्याआधी भरपूर लाज गेली.

मामाचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वाइंडिंगवरची धूळ उडवायला त्यानं कॉम्प्रेसर ठेवलाय, तो मला पाहिजे होता. माझा प्लॅन साधा, दाबलेली हवा एका बारीक नोझलमधून सोडायची आणि किती जोर मिळतो ते मोजायचं. कोल्ड गॅस थ्रस्टर म्हणजे तेवढंच. कॉलेजच्या वर्कशॉपमधे नोझल करू म्हटलं तर तिथं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनला प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरला कुलूप, किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर, आणि ते परत आल्यावर किल्ली दुसऱ्यांकडे. तीन आठवडे गेले. शेवटी एमआयडीसीत लेथवाल्या काकांकडे पितळेचा बार घेऊन गेलो. चित्रात मधलं भोक दीड एमएम आणि बाहेरचं तोंड १.९ एमएम. काकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, फवारणीचं नोझल करतोय का रे? मी म्हटलं हो, थोडंफार तसंच. दोन ड्रिल तुटले, तिसऱ्याला जमलं, आतला उतार करायला त्यांनी स्वतः ग्राइंडरवर बारीक टूल घासून दिलं आणि पैसे घेतले फक्त ड्रिलचे.

हे आधी निमुळतं आणि मग रुंद होणारं नोझल कुठून आलं माहितीय का? गुस्ताफ द लावाल म्हणून एक स्वीडिश इंजिनिअर होता, त्यानं दुधातून मलई काढायचं फिरतं मशीन बनवलं, सेपरेटर, १८७८ च्या सुमाराला. ते जोरात फिरवायला त्याला टर्बाइन पाहिजे होतं, टर्बाइनला वाफ सुसाट वेगानं पाहिजे होती, त्यासाठी त्यानं हे नोझल काढलं. म्हणजे गावच्या डेअरीत कोपऱ्यात पडलेल्या त्या सेपरेटरचं आणि रॉकेट इंजिनाचं घराणं एकच. हे मी डेअरीच्या सचिवांना सांगितलं, ते म्हणाले फॅट किती लागलं ते बघ आधी.

तर नोझल आलं. पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यांचा एक झोका केला, त्याच्यामागे एक किलोचा लोडसेल लावला, तोच जो किराणा दुकानातल्या काट्यात असतो, त्याला एक छोटं सर्किट आणि लॅपटॉप. कॉम्प्रेसरवर दाब ठेवला सहा बार. सूत्रानं नोझल अगदी आदर्श असतं तर जोर यायला पाहिजे होता साधारण १४९ ग्रॅम. व्हॉल्व्ह उघडला, फुस्सऽ करून आवाज, दुकानातली सगळी धूळ मामाच्या चहात, आणि स्क्रीनवर आकडा २३२.

दोनशे बत्तीस! मी उड्या मारल्या. खोटं नाही सांगत, मी तिथंच मनात पहिली बातमी लिहून टाकली, अमळनेरच्या गल्लीत वगैरे वगैरे. ग्रुपवर फोटो टाकला. कोणीतरी लगेच पेटंट कर लिहिलं. आदर्श आकड्यापेक्षा जास्त येऊच शकत नाही ही साधी गोष्ट डोक्यात यायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला. मग घाम फुटला. लोडसेल परत तोलून बघितला, अर्धा किलोचं वजन ठेवलं तर बरोबर ५०० दाखवतो. दाब बरोबर. भोक बरोबर. परत चालवलं, २२९. परत, २३३. म्हणजे चूक आहे आणि चूक प्रामाणिकपणे दरवेळी येतेय, ही सगळ्यात वाईट जात.

मामा तोपर्यंत एका पाच एचपीच्या मोटरीत डोकं घालून बसला होता. हात पुसत आला, म्हणाला परत चालाड बरं. मी चालवलं. तो नोझलकडे बघतच नव्हता, तो मागच्या रबरी नळीकडे बघत होता. मग म्हणाला, "भाचा, तुनं नोझल नही, ती नयी धक्का मारी ऱ्हायनी."

नळी! कॉम्प्रेसरकडून येणारी नळी वाकवून झोक्याला जोडली होती मी. दाब आला की वाकलेली नळी ताठ व्हायला बघते आणि झोक्याला ढकलते. हे मी जन्मापासून बघतोय. शेतात मोटर चालू केली की मेनच्या पाण्यानं चपटा पडलेला पाइप कसा सापासारखा वळवळत सरळ होतो ते लहानपणी त्याच्यावर पाय ठेवून बघितलंय, चार वेळा पडलोय. चार सेमिस्टर फ्लुइड आणि थर्मो करूनही डोक्यात आलं नाही आणि बारावी नापास मामाला दोन मिनिटात दिसलं. मग नोझलच्या तोंडाला बोल्ट लावून पूर्ण बंद केलं आणि तसाच दाब दिला. हवा कुठून जातच नाही, म्हणजे आकडा शून्य पाहिजे. आला १०८. म्हणजे माझ्या २३२ मधले १०८ ग्रॅम नळीचे. नंतर दोन नळ्या दोन बाजूंनी समोरासमोर, झोक्याच्या दिशेला काटकोनात आणल्या, एकीचा धक्का दुसरी खाईल अशा, तेव्हा कुठं खरा आकडा आला, १२१. आदर्शाच्या ऐंशी टक्के, लेथवर हातानं केलेल्या नोझलला हे चांगलंच म्हणायचं. पण ग्रुपवर १२१ चा फोटो टाकला त्याला एकही लाइक नाही.

त्या दिवसापासून मी अपयशांच्या गोष्टी शोधून वाचायला लागलो, आणि एक गोष्ट सारखी दिसायला लागली की इंजिनातली इंधन जळणारी जागा क्वचित दगा देते, दगा देतात नळ्या, सील आणि व्हॉल्व्ह. जपानचं अकात्सुकी यान घ्या, शुक्राला जाणारं, मे २०१० मधे निघालं. ७ डिसेंबर २०१० ला इंजिन चालू केलं आणि अर्ध्यातच बंद पडलं, यान शुक्राला सोडून पुढं निघून गेलं. कारण काय तर इंधनाच्या टाकीला दाब देणाऱ्या लाइनीतला व्हॉल्व्ह नीट उघडला नाही, कारण त्याच्यात क्षार जमले होते, इंधन आणि ऑक्सिडायझर (इंधन जळायला ऑक्सिजन पुरवणारं रसायन) यांची वाफ एकमेकांत मिसळून तयार झालेले. क्षार! हे वाचून मी खुर्चीवरून उठलोच. आमच्याकडे ठिबक चोक होण्याचं निम्मं कारण क्षार. बोअरचं पाणी, पांढरा थर, मग ॲसिड ट्रीटमेंट, मग लॅटरलची, म्हणजे ठिबकच्या नळ्यांची, टोकं उघडून फ्लश. जपान्यांना वर जाऊन फ्लश करता येईना, मग त्यांनी बरोबर पाच वर्षं वाट बघितली आणि ७ डिसेंबर २०१५ ला मोठं इंजिन सोडून दिशा बदलायच्या चार छोट्या थ्रस्टरवर वीसेक मिनिटं रेटून यान शुक्राभोवती नेलं. या लोकांना मी भेटलो तर पायाच पडेन.

आणि अलीकडचं म्हणजे सुनीता विल्यम्स. जून २०२४ मधे आठ दिवसांसाठी गेल्या आणि परत आल्या मार्च २०२५ मधे, ते कशामुळं? बोइंगच्या स्टारलायनरमधे हेलियम गळत होता आणि अंतराळ स्थानकाला जोडताना पाच थ्रस्टर बंद पडले. नासानं जमिनीवर तसाच थ्रस्टर तापवून बघितला तर टेफ्लॉनचं एक छोटं सील फुगून ऑक्सिडायझरच्या वाटेत आलेलं दिसलं. टीव्हीवर नऊ महिने चर्चा, आणि खाली कारण निघालं सील. आमच्या गल्लीतला पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतो आणि केळी पिकवायच्या राइपनिंग चेंबरचा मेकॅनिक साबणाचा फेस लावून गॅस कुठून जातोय ते बघतो, या दोघांना ही बातमी नीट सांगितली असती तर त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नसतं.

म्हणून मग माझा प्लॅन बदलला. अख्खा थ्रस्टर बनवणारे बरेच आहेत आणि माझ्याकडे हॉल थ्रस्टर चालवून बघायला लागणारा निर्वात चेंबर घ्यायची ऐपत पुढच्या दहा वर्षात तरी येणार नाही. पण प्रत्येक थ्रस्टरला व्हॉल्व्ह लागतो आणि वायू मोजूनमापून सोडणारं काहीतरी लागतं. माझ्या पितळी नोझलमधून सेकंदाला जेमतेम तीन ग्रॅम हवा जाते, छोट्या हॉल थ्रस्टरला झेनॉन सेकंदाला मिलिग्रॅममधे लागतो, आणि टाकीत तो प्रचंड दाबानं भरलेला असतो. एवढा दाब उतरवून एवढीशी धार, आणि टाकी रिकामी होत आली तरी धार तेवढीच. हे वाचताना मला आपला ठिबकचा ड्रिपर आठवला, चांगल्यातला, प्रेशर कॉम्पेन्सेटिंग म्हणतात तो. चढावर लावा नाहीतर उतारावर, तासाला चार लिटर म्हणजे चारच लिटर.

मी एक ड्रिपर ब्लेडनं उभा कापला. आत वळणावळणाची बारीक नागमोडी वाट असते आणि तिच्यावर नखाएवढी सिलिकॉनची चकती. दाब वाढला की चकती वाटेवर जास्त दाबली जाते, वाट अरुंद होते, पाणी तेवढंच राहतं. वायर नाही, सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. दाबालाच दाबाच्या कामाला लावलंय. जळगाव जिल्ह्यात असे ड्रिपर पोत्यानं मिळतात, आम्ही त्यांच्यावरून रोज चालतो. सिलिकॉन वर चालायचं नाही हे मलाही कळतं, निर्वातात ते आतला वायू सोडतं आणि थंडीत कडक होतं, पाण्याचं गणित वायूला जसंच्या तसं लागू पडत नाही, आणि मिलिग्रॅमची वाट कापायला लेथवाले काका पुरणार नाहीत. पातळ स्टीलची चकती करून बघायचं डोक्यात आहे. जमेल का नाही माहीत नाही. पण आता आप्पांनी विचारलं की तू त्यांच्याकडेच नोकरी कर ना, तर मी म्हणू शकतो की मला त्यांना माल विकायचाय. हे वाक्य आप्पांना लगेच समजलं. केळीवाल्या माणसाला विकणं समजतं.

सरकारी बाजू पण थोडी बघितली. २०२० मधे इन-स्पेस काढलं, खाजगीवाल्यांना परवानगी आणि इस्रोच्या टेस्टिंगच्या सोयी मिळवून द्यायला, ऑफिस अहमदाबादला बोपळमधे. २०२३ ला अंतराळ धोरण आलं. पैशांचं सांगतात खूप, माझ्यासारख्याच्या हातात किती पडेल ते पडल्यावर लिहीन. पण एक गंमत सांगतो, जळगावहून नवजीवन एक्सप्रेस जाते, एका टोकाला अहमदाबाद, म्हणजे परवानगी, आणि दुसऱ्या टोकाला चेन्नई, आणि चेन्नईच्या अलीकडे त्याच रुळांवर सुळ्ळूरपेटा, म्हणजे श्रीहरीकोट्याचं स्टेशन. एकाच गाडीच्या एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला उड्डाण, मधे जळगाव. रिझर्व्हेशन मिळत नाही ते सोडा.

भाषणवाले लोक अशावेळी भास्कराचार्यांना आणतात, चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला, की बघा आपल्या मातीत गणित होतं. मी मुद्दाम त्या शिलालेखाचं वाचलं. त्यात त्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला देणगी मिळाली असं आहे, १२०७ च्या आसपासचं. म्हणजे नुसती हुशारी नाही तर जागा आणि खर्चाची सोय दोन्ही कोरून ठेवलंय. आमच्या कॉलेजमधे कुलूपबंद सीएनसी आहे.

अमळनेरात मात्र वेगळंच ऐकवतात. १९४५ मधे इथं वनस्पती तूप काढणारी कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स, तीच पुढं विप्रो झाली. मामाच्या गल्लीत प्रत्येक घरात एक आजोबा असतात ज्यांनी शेअर घेतले होते आणि दुसरे आजोबा ज्यांनी ते लग्नाच्या बस्त्यासाठी विकले, आणि दुसऱ्या आजोबांच्या घरात ती गोष्ट जास्त वेळा सांगतात. मामाला मी कंपनीचं नाव सांगितलं, लोगो पण दाखवला मोबाइलवर. त्यानं बघितलं आणि मोबाइल परत दिला. "आधी माल, मंग पाटी." त्यामुळे नाव इथं लिहीत नाहीये.

तर माल म्हणजे हा टकटकणारा व्हॉल्व्ह. हा विकायचा नाहीये, हा मोडायचा आहे. व्हॉल्व्ह किती वेळा उघडझाप केल्यावर गळायला लागतो हे मला स्वतःच्या हातानं बघायचंय, म्हणजे पुढं स्वतःचा केल्यावर काय मोजायचं ते कळेल. दर पाच हजारांनंतर थांबवून बाहेरचं तोंड पाण्याच्या ग्लासात बुडवतो आणि मिनिटाला किती बुडबुडे येतात ते वहीत लिहितो. पहिल्या दिवशी शून्य. चाळीस हजारांनंतर एक. आणि एक गोष्ट लक्षात आली, दुपारी तो मधेच उघडायचं चुकवतो. रात्री नाही चुकवत. परत मामालाच फोन. तो हसला, म्हणाला उन्हाळ्यातच मोटरी का जास्त येतात माझ्याकडे? तांब्याची तार तापली की तिचा विरोध वाढतो, करंट कमी होतो, कॉइलची ओढ कमी पडते. आमच्याकडे सध्या पारा ४४ आहे आणि माझी खोली पत्र्याखाली. म्हणजे फुकटात गरम टेस्ट होतेय, थर्मल चेंबर वगैरे भाड्यानं घ्यायलाच नको, दुपारी दोन वाजता पंखा बंद केला की झालं. मी पण त्याच चेंबरमधे आहे हा भाग वेगळा.

परवा रात्री आकडा ८७ हजारांवर होता. सकाळी उठलो तर आवाज नाही. मला वाटलं कॉइल जळाली, हात लावला तर थंडगार. किचनमधे मिक्सर चालू होता, लसणाची चटणी. आईनं रात्रीच प्लग काढला होता, म्हणे, "हाई टकटकमां झोप लागस का कोनले?" आणि मी गाढवानं आकडा बोर्डच्या साध्या मेमरीत ठेवला होता, लाइट गेली की सगळं शून्य. वहीत ८५ हजारांपर्यंतचे बुडबुडे आहेत तेवढेच वाचले.

आता दर शंभराला आकडा कायमच्या मेमरीत जातोय, व्हॉल्व्हखाली जुनी गोधडी घातलीय आणि प्लगवर चिकटपट्टी लावून लिहिलंय, काढू नये. मोजणी ८५ हजारांपासून पुढं धरलीय, मधले दोनेक हजार सोडून दिले. दुपारचे अडीच वाजलेत, ९१,४०० झाले, आत्ताच एक चुकला.